नकाशा आधी, भिंत मागाहून

सातपुड्याच्या दक्षिण उतारावर जाम नदीच्या एका तीरावर पांढुर्णा आणि दुसऱ्या तीरावर सावरगाव अशी दोन गावे एकमेकांसमोर उभी आहेत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी होणाऱ्या गोटमारीमुळे त्यांची नावे वर्षातून एकदा वर्तमानपत्रांत झळकतात आणि उरलेले वर्षभर त्यांची फारशी कोणी चौकशी करीत नाही. परंतु ज्या दगडांची त्या दिवशी फेकाफेक होते, त्याच जातीच्या काळ्या दगडावर इकडील जुन्या घरांची जोती बसलेली आहेत. आज आम्हांस त्या जोत्यांविषयी व त्यांवरील घरांविषयीच चार शब्द लिहावयाचे आहेत.

निमित्त असे झाले. सावरगावातील एका परिचित कुटुंबास नवे बांधकाम काढावयाचे होते. कर्जाचा प्रश्न होता, घरात दोन मते होती, म्हणून ‘तुम्ही एकवार जागा पाहून जा’ असा थोरल्या मुलाचा निरोप आला. आम्ही काही शिल्पशास्त्रज्ञ नव्हे. पण स्वतःचे घर बांधताना एकदा हात पोळून घेतलेले असल्यामुळे दुसऱ्याने पोळून घेऊ नये एवढी कळकळ आहे. मे महिन्यात भर दुपारी आम्ही तेथे पोहोचलो. रस्त्याच्या बाजूस काही वर्षांपूर्वी बांधलेले दोन खोल्यांचे स्लॅबचे घर होते. रंग ताजा, दरवाजास लोखंडी जाळी. आम्ही दार वाजविले, पण आत कोणीच नव्हते. सर्व मंडळी मागच्या बाजूस, जुन्या घराच्या शिल्लक राहिलेल्या कवेलूच्या सपरीत बसलेली होती. आजी खाटेवर, मुले सारवलेल्या भुईवर, आणि ज्या मुलाने ते नवे घर हौसेने बांधले तोही भिंतीशी टेकून.

“नव्या घरात कोणी नाही काय?” असे आम्ही विचारताच आजी हसल्या. “रात्री सामान राहते तिथं, भाऊ,” त्या म्हणाल्या. “माणसं बाहेर निमाखाली निजतात. आत तवा तापल्यावानी होते.”

आणि आता बेत असा होता, की ही सपरी पाडावयाची, अंगणही घ्यावयाचे आणि सबंध जागेवर रस्त्याकडे दुकानाचे तीन गाळे व मागे आणि वर राहावयाच्या खोल्या अशी दुमजली इमारत उठवावयाची. चुन्याच्या रेघा ओढून झाल्या होत्या. नकाशा मात्र कोठेच नव्हता. तो मिस्त्रीच्या डोक्यात होता.

आमच्या मते खेड्यापाड्यांतील घरबांधणीचे सगळे दुःख ह्या एका गोष्टीत आहे. मुलीच्या लग्नाची बोलणी आपण सहा महिने करतो, बैलजोडी घेताना दात मोजून घेतो. पण जन्माची कमाई ज्यात घालावयाची ते घर शेजाऱ्याचे पाहून, चार दिवसांत, मिस्त्री म्हणेल तसे उभे करतो. घराची आखणी म्हणजे श्रीमंतांच्या बंगल्याची नक्षी, असा आपला समज झालेला आहे. वस्तुतः आखणी म्हणजे ऊन कोठून येते, वारा कोठून येतो, पाणी कोठे जाते आणि घरातील माणसे दिवसाच्या कोणत्या वेळी कोठे असतात, ह्यांचा आधी केलेला विचार होय. गरिबास तो श्रीमंतापेक्षा अधिक लागतो, कारण श्रीमंताची चूक यंत्राने झाकता येते.

प्रथम उन्हाचे पाहू. पांढुर्णा-सौसरचा हा मुलूख विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे साडेएकवीस अंशांवर आहे. त्यामुळे मे-जून महिन्यांत मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ थेट डोक्यावर येतो, आणि डिसेंबरात तो दक्षिणेकडे कलून क्षितिजापासून सुमारे ४५ अंशांवर राहतो. ह्या एका गोष्टीतून घराचा अर्धा नकाशा तयार होतो. दक्षिणेच्या खिडकीवर हात-दीड हात सज्जा काढला, की उन्हाळ्यातील दुपारचे ऊन आत शिरत नाही, आणि हिवाळ्यातील तिरपे, हवेसे वाटणारे ऊन त्याच सज्जाखालून आत येते. उत्तरेकडून बहुतेक वर्ष नुसता उजेड मिळतो. पश्चिमेची गोष्ट मात्र निराळी. तीन-चार वाजल्यानंतरचा सूर्य खाली उतरलेला असतो, तो सज्जास जुमानीत नाही, आणि दिवसभर तापलेल्या हवेत तो नेमका भिंतीच्या छातीवर बसतो. जुन्या माणसांनी पश्चिमेच्या बाजूस गोठा, कडब्याची खोली, धान्याची कोठी किंवा निंबाचे झाड ठेवले ते उगीच नव्हे. त्यांना अंश ठाऊक नव्हते, पण घाम ठाऊक होता.

येथे आमची कबुली देतो. आम्ही घर बांधले तेव्हा स्वयंपाकघर पश्चिमेस काढले आणि त्यास मोठी खिडकी ठेवली; मोठी खिडकी म्हणजे मोठी सोय, असे आम्हांस वाटले. परिणाम असा, की संध्याकाळचा स्वयंपाक करणाऱ्या आमच्या आईस चुलीची आच समोरून व सूर्याची आच बाजूने अशी दोन्हींकडून मिळाली. तिने अकरा वर्षे तक्रार केली नाही. खिडकीस गोणपाट लावून घेतले. घराचा नकाशा पुरुष काढतात आणि त्यात दिवसाचे बारा तास बायका काढतात, ही गोष्ट आम्हांस त्या गोणपाटाने शिकविली. सावरगावच्या त्या घरीही आम्ही पहिला प्रश्न सूनबाईंस विचारला, की चूल कोठे हवी. त्या गोंधळून सासऱ्यांकडे पाहू लागल्या. हा प्रश्न त्यांस त्या दिवसापर्यंत कोणी विचारलेलाच नव्हता.

आता जुनी सपरी थंड का आणि नवे घर तवा का, हे समजून घेऊ. कारण ‘जुने ते सोने’ म्हणून मान डोलाविल्याने कोणाचेच घर थंड होत नाही. सपरीची भिंत मातीची, दीड ते दोन फूट जाडीची. माती उष्णता हळूहळू पिते आणि हळूहळूच सोडते. बाहेरच्या दुपारची धग आतल्या बाजूस पोहोचेपर्यंत रात्र पडते, आणि रात्री दारे उघडी असल्यामुळे ती निघून जाते. वर कवेलू एकावर एक बसविलेली असतात; त्यांच्या फटींतून तापलेली हवा वर निसटते. छप्पर उतरते असून वळचण खाली आलेली असते, त्यामुळे भिंतीवर ऊन पडतच नाही. ह्याच्या उलट स्लॅब जेमतेम चार-पाच इंच जाड, सपाट, आणि दिवसभर सूर्यासमोर उताणी पडलेली. बारा वाजताची उष्णता तिच्यातून तीन-चार तासांत खाली उतरते, आणि माणसे निजावयास जातात तेव्हाही ती खोलीत धग सोडीत असते. खाली नऊ इंची, पुष्कळदा साडेचार इंचीच भिंत, छत बुटके आणि वारा बाहेर जाण्यास वाट नाही. अशा खोलीत पंखा लावला तर तो तापलेली हवाच फिरवितो.

कूलरविषयीही येथेच सांगून टाकतो, कारण त्याबाबत सर्वत्र एकच चूक दिसते. इकडील उन्हाळा कोरडा असल्यामुळे वाळ्याच्या तट्ट्या आणि त्यांचा आधुनिक अवतार जो कूलर, तो येथे उत्तम चालतो. पण कूलरची हवा आत यावयाची तर आतली हवा बाहेर गेली पाहिजे. समोरच्या भिंतीत, शक्य तो उंचावर, तिला वाट नसेल तर अर्ध्या तासात खोली दमट होते, अंग चिकट होते आणि दोष मात्र यंत्रास मिळतो. दहा विटांची जागा मोकळी ठेवण्याचा हा प्रश्न आहे; बांधताना ती फुकट मिळते, मागाहून फोडावी लागते.

तरीही कवेलूचे घर सोडणाऱ्यास आम्ही नावे ठेवणार नाही. पावसाळ्यापूर्वी दरवर्षी कवेलू फेरावी लागतात, आणि ते काम जाणणारी माणसे आता मिळत नाहीत. माकडांची टोळी छपरावरून एकदा गेली की शंभर कवेलू फुटतात. सागवान महाग झाले. वासे उधळी खाते, फटींत विंचू निघतात. शिवाय पक्के घर म्हणजे प्रतिष्ठा, हेही खरेच. ज्याच्या वाडवडिलांनी पऱ्हाटीच्या कुडात दिवस काढले, त्यास स्लॅबचे घर हवेसे वाटले तर त्यात हसण्यासारखे काय आहे? सरकारी साहाय्यही पक्क्या घरासच मिळते. २०१६ साली सुरू झालेल्या ग्रामीण प्रधानमंत्री आवास योजनेत सपाटीच्या प्रदेशात घरामागे १ लाख २० हजार रुपये ठरविलेले होते व घर स्वयंपाकाची जागा धरून किमान २५ चौरस मीटरांचे असावे, असा नियम होता. पंचवीस चौरस मीटर म्हणजे सुमारे दोनशे सत्तर चौरस फूट. एवढ्याशा जागेत एक खिडकी इकडची तिकडे झाली तरी घराचे सुख बदलते.

आणि जुने सर्वच शहाणपणाचे होते असेही नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर जिल्ह्यातील किल्लारी व भोवतालच्या गावांत भूकंप झाला आणि सुमारे आठ हजार माणसे मृत्यू पावली. त्यांतील बहुतेक आपल्याच घराखाली गाडली गेली. तेथील भिंती मातीत रचलेल्या गोल दगडांच्या होत्या. बाहेरचा थर आणि आतला थर ह्यांस जोडणारे, भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड त्यांत नव्हते. आणि धाब्यावर वर्षानुवर्षे मातीचे थर चढवून छपराचे ओझे भयंकर वाढविलेले होते. उन्हाळ्यात ज्या मातीने गारवा दिला, तीच त्या पहाटे अंगावर आली. २२ मे १९९७ रोजी आपल्या मध्यप्रदेशातही जबलपूरकडे भूकंप झाला, तेव्हा हा धोका परका मानता येत नाही. दारांच्या डोक्यावरून सबंध घराभोवती लोखंड व काँक्रीटचा एक सलग पट्टा फिरविला, तर चार भिंती एकमेकींस धरून राहतात. त्यास येणारा खर्च दर्शनी भिंतीवरील रंगीत फरश्यांच्या खर्चाहून अधिक नसतो. पण फरश्या दिसतात, पट्टा दिसत नाही.

न दिसणाऱ्या गोष्टींतील सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे पाया. आपल्या भाषेत शेतजमिनीस ‘काळी’ आणि वस्तीच्या जागेस ‘पांढरी’ म्हणतात. गाव वसविताना आपल्या पूर्वजांनी ही निवड विचारपूर्वक केली होती, कारण काळी माती कापसास आई असली तरी घरास सावत्र आई आहे. ती पावसात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आटते व तिला हातभर भेगा पडतात. आणि तिच्यावर बसलेली भिंत दरवर्षी एकदा उचलली जाते व एकदा खाली बसते. आज पांढरी भरून गेली, म्हणून वस्ती हमरस्त्याच्या कडेने काळीत उतरली आहे. पहिल्या वर्षी घर सुंदर दिसते, तिसऱ्या वर्षी खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर निघते, आणि मग मिस्त्रीस शिव्या. शुभवर्तमानातील वाळूवरच्या घराचा दाखला आपण सर्वांनी ऐकलेला आहे. इकडील ऐकणाऱ्यांनी वाळूच्या जागी काळी माती समजावी.

उपाय अवघड नाही. काळ्या मातीचा थर खणून काढून पाया मुरमापर्यंत न्यावा; खड्डा पुन्हा त्याच काळ्या मातीने न भरता मुरूम व वाळूने भरावा; जोत्याच्या वर एक पट्टा द्यावा; आणि घराभोवती दोन-तीन फूट रुंदीची उतरती फरसबंदी करून छपराचे पाणी भिंतीपासून लांब काढून द्यावे. थर फारच खोल असेल, तर तळाशी फुगीर केलेल्या काँक्रीटच्या खांबांवर घर उभे करण्याची पद्धत रुरकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने ह्याच मातीसाठी विकसित केलेली आहे. सौसरचे नाव भूगर्भशास्त्राच्या ग्रंथांत दूरदूर वाचले जाते, कारण मँगनीज व संगमरवर ज्यांत सापडतो त्या अतिप्राचीन खडकांच्या मालिकेस ‘सौसर’ हेच नाव दिलेले आहे. ज्या तालुक्याने खडकास नाव दिले, तेथील घरे खडकापर्यंत न पोहोचता चिरावीत, ही गंमत नव्हे.

आता पेठेकडे वळू. जुन्या पेठेतील दुकान म्हणजे काय होते? रस्त्यापेक्षा हात-दोन हात उंच ओटा, त्यावर पुढे आलेले छप्पर, मागे फळ्यांच्या दाराचे दुकान आणि वर किंवा मागे मालकाचे बिऱ्हाड. ओटा उंच म्हणून पावसाचे लोंढे मालापर्यंत येत नसत. छप्पर पुढे म्हणून गिऱ्हाईक सावलीत उभे राही, आणि सावलीत उभे राहिलेले गिऱ्हाईक चार जिन्नस अधिक घेते. आज रस्त्यालगत शटर, त्यामागे लगेच काच आणि काचेवर दुपारचे ऊन. कापडाचा रंग उडतो, गोळ्या-बिस्किटे विरघळतात, आणि दुकानदार दुपारी चार तास पडदा ओढून दिवा लावून बसतो. थंड देशांतील दुकाने काचेची असतात, कारण तेथे ऊन आत घ्यावयाचे असते. आपण ती काच आणली आणि ती का होती हे विचारावयाचे राहून गेले.

व्यापारी इमारतीचा खरा धडा घ्यावयाचा तर नागपूरकडे पाहावे. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी तेथे एम्प्रेस मिल सुरू केली. नागपूरच्या कोरड्या हवेत सूत तुटते. म्हणून गिरणीत हवा दमट राखण्याची व्यवस्था करावी लागली, आणि कापूस पेट घेतो म्हणून आग लागताच छतातून पाणी फवारणारे नळ बसविले गेले. म्हणजे यंत्रांइतकाच विचार इमारतीचा झाला. तसेच पुष्कळ कारखान्यांचे छप्पर करवतीच्या दात्यांसारखे असते, हे वाचकांनी रेल्वेतून पाहिले असेल. त्या दात्यांची काचेची बाजू उत्तरेस ठेवतात, म्हणजे दिवसभर उजेड मिळतो, पण डोळ्यांवर ऊन येत नाही. मुंबईस विल्यम इमर्सन ह्यांनी आराखडा केलेला क्रॉफर्ड मार्केट १८६९ मध्ये पुरा झाला. उंच छपरातून येणारा उजेड आणि मोकळा वारा ह्यांवर तो भाजीबाजार उभा राहिला. एम्प्रेस मिल पुढे बंद पडली आणि २००२ नंतर तिच्या जमिनीवर दुकानांचे मोठे संकुल उठले. तेथे आता यंत्राने थंड केलेल्या हवेत कपडे विकले जातात.

खेड्यातही असा विचार करून बांधलेली एक इमारत आहे, आणि ती अगदी साधी आहे: नाशिककडील कांदाचाळ. जमिनीपासून उचललेला तळ, पट्ट्या-पट्ट्यांच्या भिंती, वर उतरते छप्पर. वारा खालून व बाजूने खेळतो, म्हणून कांदा महिनोन्‌महिने टिकतो आणि भाव येईपर्यंत शेतकऱ्यास थांबता येते. सावरगावकडे संत्रा आहे, कापूस आहे. संत्रा निवडण्याची शेड पत्र्याची व बुटकी असली तर फळ तेथेच कोमेजते. तेच छप्पर चार फूट उंच केले, शिखराशी हवा जाण्यास फट ठेवली आणि पत्र्याखाली बांबूची तट्टी बांधली, तर दलाल तेच फळ नाकारीत नाही. इमारतीची आखणी भाव मिळवून देते, हे आम्हांस ह्याहून सोप्या शब्दांत सांगता येत नाही.

आपल्यातील पुष्कळांस असे वाटते, की ओसरी व अंगण ही गरिबीची लक्षणे आहेत. म्हणून चार्ल्स कोरिया ह्यांची गोष्ट सांगतो. मूळ गोव्याच्या ख्रिस्ती घराण्यातील हे वास्तुशिल्पी १९३० साली जन्मले व २०१५ मध्ये निवर्तले. त्यांनी मुंबईत श्रीमंतांसाठी कांचनजंगा नावाची उंच इमारत १९८३ मध्ये पुरी केली. मुंबईत समुद्राचा वारा पश्चिमेकडून येतो, पण पाऊस आणि संध्याकाळचे ऊनही तिकडूनच येते. कोरियांनी काय केले? जुन्या बंगल्यांभोवती व्हरांडा असे, तसाच व्हरांडा त्यांनी आकाशात प्रत्येक बिऱ्हाडास दिला. म्हणजे कोट्यधीशांनी पैसे मोजून ओसरी विकत घेतली! त्याच सुमारास नव्या मुंबईत बेलापूर येथे त्यांनी साध्या कुटुंबांसाठी लहान लहान घरे आखली. सात सात घरांच्या मध्ये एक सामाईक अंगण ठेवले, आणि कोणतेही घर शेजाऱ्याच्या भिंतीस चिकटू दिले नाही, म्हणजे पैसे येतील तसे ज्याचे त्यास वाढविता यावे. दादरच्या पोर्तुगीज चर्चची सत्तरच्या दशकातील नवी इमारतही त्यांचीच; तीतही उघडी अंगणे आणि छपराखालील जागा एकमेकींत गुंफलेल्या आहेत, आणि मिस्सा सुटल्यावर लोक त्या अंगणात उभे राहून बोलतात. गोव्याच्या जुन्या घरांचा दर्शनी सोपा, ज्यास तेथे बाल्कांव म्हणतात, त्याचेही काम हेच: येणाऱ्या-जाणाऱ्याशी दोन शब्द बोलावयास बसण्याची जागा.

आणखी जवळचे उदाहरण वर्ध्याचे. महात्मा गांधी १९३६ साली शेगावास, म्हणजे पुढच्या सेवाग्रामास, राहावयास आले, तेव्हा त्यांनी अट घातली, की घराचा खर्च पाचशे रुपयांच्या वर जाऊ नये व साहित्य आणि मजूर तेथलेच असावेत. मीराबेनसाठी उभी राहिलेली जी कुटी पुढे बापूकुटी झाली, तिच्या भिंती मातीच्या, छप्पर कवेलूचे आणि वळचण इतकी खाली, की उंच माणसाने वाकून शिरावे. तिचा विदर्भातील उन्हाळा आजही सोसण्याजोगा असतो. आम्ही मे महिन्यात आत बसून आलो आहोत. लॉरी बेकर ह्या इंग्रज वास्तुशिल्पीस महायुद्धाच्या काळात मुंबईस गांधीजी भेटले आणि म्हणाले, की आदर्श घर पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या वस्तूंनी बांधता आले पाहिजे. बेकरांनी ते मनावर घेतले. २००७ साली वारेपर्यंत त्यांनी केरळात शेकडो घरे व प्रार्थनामंदिरे स्वस्तात उभारली. त्यांच्या दोन युक्त्या आपल्या मिस्त्रींनी उचलण्याजोग्या आहेत. एक, विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या ठेवून मध्ये पोकळी सोडावयाची. सुमारे पाव हिस्सा विटा वाचतात आणि पोकळीतील हवा उष्णता अडविते. दुसरी, स्लॅबच्या खालच्या अंगास सळयांच्या मधल्या जागेत जुनी कवेलू घालावयाची. तेथील काँक्रीट भार घेत नसते, नुसते वजन वाढविते. त्याच्या जागी कवेलू आले तर सिमेंट वाचते आणि छतही कमी तापते.

ज्यांची स्लॅब आधीच पडून गेली आहे त्यांनी निराश होऊ नये. फाल्गुनात गच्चीवर पांढऱ्या चुन्याचे दोन हात द्यावे. काळवंडलेली गच्ची ऊन पिते, पांढरी परत फेकते, आणि खालच्या खोलीतील धग काही अंशांनी उतरते. पश्चिमेच्या भिंतीवर वेल चढवावा अथवा तट्टी उभी करावी.

सावरगावी आम्ही हे सारे त्या सपरीत बसून सांगितले. म्हातारे बाबा ऐकत होते. थोरला मुलगा मात्र हिशेब मांडीत होता. त्याचे म्हणणे आम्हांस डावलता येत नव्हते. २०२३ साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला; जिल्ह्याचे ठाणे म्हटले की कचेऱ्या येतात, माणसे येतात, दुकानास भाडे येते. तीन गाळ्यांचे भाडे म्हणजे मुलीच्या शिक्षणाचा खर्च. “ओसरी ठेवली तर एक गाळा गेला नं जी. सावली बँकेत भरता येत नाही,” तो म्हणाला. ह्यावर आजी काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त आपली खाट भिंतीच्या सावलीकडे थोडी सरकवून घेतली.

आम्ही दोरी मागविली. घराचे तोंड नेमके पश्चिमेस, रस्त्याकडे. म्हणून गाळ्यांपुढे सहा फूट रुंदीची ओसरी आणि तिची वळचण सात फुटांवर, असे धरून पाहिले. दुपारी चारच्या उन्हास अशा ओसरीमागील भिंतीचा तळचा दोन-सव्वादोन फूट भागच सापडतो. बाकी दुकान सावलीत. सपरी अजिबात पाडावयाची नाही. तिची मागची जाड भिंत नव्या घराची पश्चिमेची भिंत करावयाची, आणि चूल पूर्वेच्या कोपऱ्यात. सूनबाईंनी जागा स्वतः पायाने दाखविली. निंबाचे झाड पहिल्या बेतात तोडावयाचे होते, ते दुसऱ्यात जिन्याच्या बाजूस आले. गाळे दोन राहिले. तिसऱ्याचे काय, ह्यावर बापलेकांत बराच वेळ बोलणे झाले. बाबांचे म्हणणे, दोन गाळे सावलीत असले तर भाडेकरू टिकेल आणि भाडेही बरे देईल. मुलाचे म्हणणे, हे कोणी लिहून देईल काय? आम्ही लिहून देऊ शकलो नाही.

अखेर एवढेच ठरले, की जुन्या रेघा पुसून दोन्ही बेत कागदावर काढावयाचे, मिस्त्रीस दाखवावयाचे आणि त्याआधी कोपऱ्यात एक खड्डा घेऊन मुरूम किती खाली आहे ते पाहावयाचे. त्यानंतर काही दिवसांनी मुलाचा निरोप आला. साडेचार फुटांवर मुरूम लागला. पाया तेथपर्यंत नेण्याचे पक्के झाले, चुलीचा कोपराही पूर्वेचाच राहिला. तिसऱ्या गाळ्याचे मात्र अजून ठरलेले नाही.